वॉल्टर नो कॉफी

आई,

ऐन सुगीचे दिवस. मसूर कापायला आलेला, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि अशा दिवशी गावातली माणसं कापणीची कंबाईन यंत्रं रानात उभी करून तुमच्यासाठी कम्युनिटी हॉलमध्ये आली. टोप्यांवर भुसा तसाच होता. एकाच्या शर्टाला ग्रीसचा डाग होता आणि तो हाताने झाकत तो रांगेत उभा होता. तुम्ही असतात तर कमरेवर हात ठेवून सगळ्यांना विचारलं असतंत, "पाऊस येईल की उद्या! हितं काय करायलात?" आणि तुमची मराठी न कळताही ती सगळी मान खाली घालून ट्रककडे निघाली असती.

मी त्या दिवशी रडले नाही. रडायला वेळच नव्हता, बायका सारख्या विचारत होत्या. सँडविचमध्ये अंडं चालेल का? चीज चालेल का? आईच्या फोटोपुढे कॉफी ठेवायची की चहा? "चहा," मी म्हणाले, "साखर जास्त." त्यांनी कप ठेवला आणि शेजारी दोन बिस्किटं. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. त्यांना माहीत होतं.

आता तीन आठवडे झाले. सगळे आपापल्या कामाला लागलेत, मीही फार्मसीत जाते. पण माझं तुमच्याशी एक बोलणं राहिलंय. ते बोलायला मला जरा मागून यावं लागेल.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो जुलै होता. सस्कटूनच्या विमानतळावरून गाडीने निघालो तेव्हा मी मनातल्या मनात तुमच्या कंटाळ्याची तयारी करत होते. बीड जिल्ह्यातल्या गावातून आलेली, नऊवारी नेसणारी, इंग्रजीचा एक शब्द न येणारी बाई. इथे दोन तास सरळ रस्ता, दोन्हीकडे रान, आणि शेवटी आमचं गाव: धान्य साठवायचं एक उंच एलिव्हेटर, बर्फावर खेळायची एक रिंक, तीन चर्च, एक कॅफे, एक फार्मसी. त्या फार्मसीतली नोकरी मिळाली म्हणून आम्ही इथे आलो होतो. मी ठाण्याची मुलगी. पहिल्या वर्षी मला या सपाटीची भीती वाटायची, डोळा कुठे टेकवावा तेच कळायचं नाही.

तुम्ही अर्ध्या वाटेत एकदम ओरडलात, "नित्या, गाडी थांबव!"

आम्हाला वाटलं उलटी होतेय. तुम्ही उतरून रस्त्याकडेच्या निळ्या शेतात शिरलात, एक काडी उपटलीत, फूल चुरगाळून हुंगलंत, आणि वळून म्हणालात, "अरे, जवस हाय की हे!"

तुमचा लेक नितीन पेरणीयंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर. तीन वर्षं फ्लॅक्स, फ्लॅक्स म्हणत होता. फ्लॅक्स म्हणजे जवस हे त्याला त्या दिवशी कळलं. पुढे मसूर दिसला, तुम्ही तोही ओळखलात. पिवळ्या कॅनोलाला म्हणालात, "ही मोहरीची बहीण." आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघून एकच तक्रार केलीत, "पण बांध कुठं हाय ह्याला?"

कंटाळा तुम्हाला कधीच आला नाही. तो मला यायचा.

इथे पत्र घरी येत नाही, पोस्टात जाऊन आणावं लागतं. ते काम तुम्ही न सांगता घेतलंत. रोज दहाच्या आत नऊवारीवर नितीनचा थंडीतला जुना पार्का घालून निघायच्या. पोस्टासमोर कॅफे. तिथे दहा वाजता म्हातारे शेतकरी जमतात, त्याला गावात कॉफी रो म्हणतात. एकदा त्यांच्यातल्या वॉल्टरने दार उघडून धरलं. तो स्वतः आत चालला होता, मागे तुम्ही दिसलात म्हणून थांबला. तुम्हाला वाटलं, बोलावतोय. तुम्ही सरळ आत गेलात आणि त्यांच्यात बसलात.

हे मला माझ्या काउंटरवर कळलं. "तुझी सासू कॉफी रोमध्ये आहे," एक गिऱ्हाईक म्हणालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी मी म्हणाले, "आई, तिथे सगळे पुरुष असतात. आणि बोलता काय तुम्ही त्यांच्याशी?"

"रानाचं बोलतो की."

"कुठल्या भाषेत?"

"ते त्यांच्या, मी माझ्या."

खरंच तसं होतं. एक दिवस मी औषध द्यायच्या निमित्ताने डोकावले. वॉल्टर मूठ वर नेऊन बोटं सोडत टेबलावर आपटत होता, म्हणजे गारा. तुम्ही तळहात गुडघ्याइतका खाली नेत होता, म्हणजे एवढंच पीक राहिलं. मग दोघंही खिडकीबाहेर बघत गप्प बसलात. त्या गप्प बसण्यात मला शिरता आलं नाही. मी औषधाची पिशवी टेबलावर ठेवली आणि परत आले.

मग तुमची चटणी. जवस भाजून, सुकी मिरची, लसूण, जिरं, मीठ. डबी भरून नेलीत. वॉल्टरने पन्नास वर्षं जवस पिकवलं, ट्रक भरभरून पाठवलं, ते खातात अशी कल्पनाही त्याला नव्हती. त्याने बटर लावलेल्या टोस्टवर जाड थर दिला, एक घास खाल्ला, लाल झाला, सात-आठ शिंका दिल्या आणि डबी स्वतःच्या खिशात टाकली. गावाने तुमचं नाव तेव्हापासून आई ठेवलं. त्यांना ते आय असंच जमायचं. माझी लेक इरा दुरुस्त करायची, "इट्स आई, नॉट आय!" तुम्ही म्हणायच्या, "राहू दे गं. आय म्हंजी आईच."

तुम्हाला गावातलं सगळं कळायचं. कुणाचा गहू लोळला, कुणाच्या गाईला जुळं झालं, कुणाच्या नवरा-बायकोचं पटत नाही. मी तुमच्या आधी तीन वर्षं औषधं देत होते आणि मला त्यांचे रक्तदाब ठाऊक होते, बाकी काही नाही. "तुम्हाला कसं कळतं?" असं विचारलं की तुम्ही भाकरी उलटत म्हणायच्या, "डोळे हायेत की."

आपलं भांडण मिल्टन शहरावरून झालं.

माझी बहीण तिथे राहते. तिथल्या एका फार्मसीत मला जागा मिळत होती. मी तुम्हाला काय काय सांगितलं. पाच मिनिटांवर इंडियन ग्रोसरी, गणपतीला दीडशे मराठी माणसं, इराला मराठी शाळा, तुम्हाला तुमच्या वयाच्या बायका. नितीन ऐकत होता, इरा स्लीपओव्हरला गेली होती. तुम्ही कोथिंबीर निवडत होता.

"तुम्ही जा," म्हणालात. "मी हितंच राहते."

मला हसू आलं, मग राग आला. "आई, इथे एकट्या? भाषा येत नाही, गाडी येत नाही. इथे तुमचं कोण आहे?"

तुम्ही कोथिंबिरीची जुडी खाली ठेवलीत. उठून आत गेलात. तेव्हा मला वाटलं मी जिंकले.

त्यानंतर दोनच दिवसांनी, जानेवारीतल्या मंगळवारी, उणे बत्तीस होतं. तुम्ही अकराच्या सुमाराला फार्मसीत आलात, पापण्यांवर बर्फ. मी मागे फोनवर एका डॉक्टरशी बोलत होते. तुम्ही पुढच्या काउंटरवरच्या शेरिलला सांगत होता, "वॉल्टर नो कॉफी. वॉल्टर नो कॉफी." शेरिलला वाटलं, वॉल्टरला औषधासोबत कॉफी चालत नाही, ती त्याची फाईल शोधायला लागली.

मी फोन ठेवून बाहेर आले. समोर सहा माणसं रांगेत. तुम्ही म्हणालात, "मीनल, वॉल्टर आज आला न्हाई. त्यो सांगितल्याबिगर चुकवत न्हाई. बघून येऊ का?"

"डॉनाकडे गेला असेल, आई." डॉना त्याची मुलगी, शेजारच्या गावात शाळेत शिकवते.

"गाडी दारात हाय त्याची. मी येताना बघितली."

"मग तिने नेलं असेल. तुम्ही घरी जा."

"त्याच्या दारात जाऊन येते फकस्त."

आणि मग मी ते बोलले. हळू आवाजात, हसत, लोकांना कळू नये म्हणून. "आई, इथे असं कुणाच्या घरात शिरत नाहीत. तुमच्या खेड्यासारखं नाही हे. आपलं हसं होतं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "बरं," म्हणालात. पार्क्याची टोपी ओढलीत आणि घरी गेलात. माझं ऐकलंत तुम्ही. इतक्या वर्षांत तुम्ही माझं फार थोडं ऐकलंत, आणि त्या दिवशी ऐकलंत.

बुधवारी वॉल्टर पुन्हा आला नाही. या वेळी तुम्ही मला विचारायला आला नाहीत. त्याच्या दाराशी गेलात. इंजिन गोठू नये म्हणून ट्रकच्या नाकातून काढलेली हीटरची वायर तशीच प्लगला लावलेली होती, पायऱ्यांवर दोन दिवसांचं बर्फ, त्यावर एकही पाऊल नाही. दाराला कुलूप नव्हतं. तो बेसमेंटच्या जिन्याखाली पडला होता, खुबा मोडलेला, शुद्धीवर होता पण आवाज गेलेला. तुम्ही घरातले होते नव्हते तेवढे कोट, गोधड्या, गालिचासुद्धा त्याच्यावर घातलात. फोन तुम्हाला करता येत नव्हता. मग तुम्ही बाहेर येऊन रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभ्या राहिलात, समोरून बर्फ ढकलणारा लोडर येत होता. तो चालवणारा माणूस अजून सांगतो: पांढऱ्या रस्त्यावर जांभळी साडी, हिरवा पार्का, आणि ती बाई जागची हलायला तयार नाही.

तो वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर नसता वाचला.

तो पडला होता मंगळवारी सकाळी, कॉफीला निघायच्या आधी. तुम्ही माझ्यासमोर उभ्या होतात तेव्हा तो जिन्याखाली होता. तो पुरा दिवस आणि ती पुरी रात्र माझ्यामुळे गेली.

बुधवारी जेवताना नितीनने तुम्हाला विचारलं, "आई, तो काल पण आला नव्हता म्हणतात. काल कुणाला सांगितलं का नाहीस? मीनलला तरी सांगायचं."

मी आमटी वाढत होते. माझा हात थांबला.

तुम्ही भाताकडे बघत म्हणालात, "काल मला काई वाटलंच न्हाई."

इतकंच. मीठ मागितलंत, मी दिलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि इराचं काहीतरी चाललं होतं तिकडे वळले. दुसऱ्या दिवशी वाटलं, आज बोलेन. मग तुम्ही खिडकीत भाजीपाल्याची रोपं लावलीत, मग बर्फ वितळलं, आणि न बोलणंच नेहमीचं होऊन गेलं.

वाईट याचं वाटतं की मी आभारही घेतले. डॉना इथल्या सस्कटून बेरी भरून भाजलेला गोड पाय घेऊन आली, माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "तू आणि तुझी आई. तुम्ही दोघी." मी "नो, नो" म्हणाले, लाजून म्हणतात तसं. तुम्ही शेजारी उभ्या होता. तुम्हाला "दोघी" कळलं नसेल असं मी स्वतःला सांगितलं. पण तुम्ही चेहरे वाचायच्या, आई. माझाही वाचला असणार. आणि तरी त्या संध्याकाळी पायचा मोठा तुकडा तुम्ही माझ्याच ताटात घातलात.

मिल्टनचं आम्ही पुढे ढकललं. वॉल्टर वॉकर घेऊन कॅफेत यायला लागला, तुम्ही रस्ता ओलांडताना त्याच्या पुढे चालून गाड्या थांबवायच्या. मीही कधीकधी दहा वाजता पाच मिनिटं यायला लागले. तुम्ही सरकून जागा द्यायच्या, "ये, बस," आणि त्यांना सांगायच्या, "माय सून." त्यांनी तो 'लवकर'चा इंग्रजी सून समजून मान डोलावली, आणि तुम्ही डबीतली चटणी माझ्यापुढे सरकवलीत.

ऑगस्टमध्ये दुपारी जेवून पडलात त्या पुन्हा उठलाच नाहीत. निवांत झोपलात तशा. मी त्याचा हेवा करते आणि त्याच्यावर चिडतेही. थोडं आजारी पडला असतात, मी उशाशी बसले असते, तर बोलले असते का? मला वाटतं, बोलले असते. खात्री नाही.

म्हणून हॉलमध्ये ते झालं. लोक एकेक करून माईकवर येऊन तुमच्याबद्दल बोलत होते. कुणी चटणीचं सांगितलं, कुणी गारांचं. मग डॉना उभी राहिली आणि म्हणाली, "आईने माझ्या वडिलांना वाचवलं, आणि मीनलनेही." टाळ्या झाल्या. टाळ्या थांबेपर्यंत मी खुर्चीत बसून राहिले.

जेवणाच्या टेबलाशी मी डॉनाला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. मंगळवारचं. रांगेतली सहा माणसं, मी काय बोलले, तुम्ही काय बोललात. ती ऐकत राहिली. तिच्या हातातल्या प्लेटमधलं सँडविच तसंच होतं. तिने प्लेट खाली ठेवली आणि म्हणाली, "हे तू मला नाही, बाबांना सांगायला हवं." आणि मग, जराही न हसता, "त्यांच्या डाव्या बाजूने बोलू नकोस, तो कान गेलाय. उजवीकडून. आणि मोठ्याने."

मी वॉल्टरच्या उजवीकडे गुडघे टेकून बसले. हळू सांगितलं. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "काय?" पुन्हा सांगितलं. "काय म्हणतेस?" मग मला ओरडावं लागलं. "वॉल्टर, शी टोल्ड मी ऑन ट्यूजडे! आय डिडन्ट लिसन! मी तिला घरी पाठवलं!"

सगळा हॉल आमच्याकडे बघायला लागला. चमचेसुद्धा थांबले. नितीन दारात कुणाशी तरी बोलत उभा होता, तो तिथेच वळला.

वॉल्टरने माझ्याकडे बघितलं. निळे, पाणावलेले, म्हातारे डोळे. तो मला माफ करेल असं मला वाटलं नव्हतं, आणि त्याने "इट्स ओके" म्हटलं नाही. या भागातली माणसं खोटं धीराचं बोलत नाहीत, तुम्हाला ते आवडायचं. तो म्हणाला, "फार थंडी होती त्या रात्री."

"हो," मी म्हणाले.

"मला वाटलं, कुणी येत नाही आता." मग तुमच्या फोटोकडे हात करून म्हणाला, "ती आली पण."

त्याने माझा हात धरला आणि सोडला नाही. तो रडत होता, मीही. शेवटी शेरिल आली, आम्हा दोघांना कॉफी ओतून दिली आणि शेजारी खुर्ची ओढून बसली. हळूहळू पुन्हा बोलणी सुरू झाली. त्या टेबलावरून कुणी उठून गेलं नाही, आई. मला वाटलं होतं, उठतील.

नितीनने गाडी हळू चालवत घरी आणली. ड्राईव्हवेत गाडी बंद करून तसाच बसून राहिला. मला वाटलं, आता ओरडेल. तो म्हणाला, "आईला खोटं बोलता येत नाही असं मला लहानपणापासून वाटायचं." मग स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. रागावला असेलच, अजूनही असेल थोडा. पण रात्रीचा भात त्याने लावला.

मिल्टनचं मला अजून ठरवता आलेलं नाही. तुमचं माझं ते भांडण तसंच आहे. इराला तुमच्याशिवाय मराठी कोण शिकवणार, हा माझा मुद्दा तुमच्या जाण्याने उलट पक्का झालाय. आणि इथे माझं कोण आहे, हे कळायला लागलंय, तेही आत्ता कुठे. बहिणीला सांगितलंय, या हिवाळ्यात तरी नाही. तुम्ही जिंकलात असं मी म्हणणार नाही. तुम्हालाही ते तसं नको असेल.

वॉल्टरला आता काठीशिवाय चालता येत नाही. त्या चालण्यातला एक दिवस माझा आहे, तो मी कुणावर ढकलणार नाही. गावासमोर बोलून झालं, नितीनसमोर झालं. तुमच्यासमोर राहिलं होतं, आणि तुम्हीच एकट्या होतात ज्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. मंगळवारी तुम्ही बरोबर होतात, आई. बुधवारी ताटावर तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, आणि मी ते बोलू दिलं. मी चुकले. एवढंच सांगायचं होतं.

तुमची,
मीनल